दीड हजाराचं आरोग्य कार्ड

मी कळव्याला राहते. माहेर मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे आत. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आबांचा फोन आला. शाळेच्या पडवीत शिबिर लागलंय, पांढऱ्या कोटातली दोन पोरं आणि एक मुलगी बीपी-साखर फुकट तपासतायत. "बाय, कार्ड पण काढून देतात. पाच लाखांचा इलाज. दीड हजार मागतात, काढू का?"

मी कामावर होते. पाच लाख म्हटल्यावर सरकारच्या आयुष्मान योजनेचंच कार्ड असेल असं मला वाटलं. "काढा" म्हटलं आणि पैसे मीच मोबाइलवरून पाठवले. ते कुठल्या कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या नावावर गेले. स्क्रीनवर नाव दिसत होतं, मी वाचलंही होतं.

भादव्यात आबांच्या छातीत दुखायला लागलं. दादाने मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे ईसीजी काढून गोळ्या दिल्या आणि सांगितलं, ॲन्जिओग्राफी लागेल, पुढे न्या. कार्ड होतं म्हणून आम्हाला धीर होता. "ठाण्यातली सगळी मोठी हॉस्पिटलं यात आहेत," असं त्या पोरांनी सांगितलेलं, म्हणून मी ठाण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात आणायला लावलं. बिलिंगच्या खिडकीतल्या मुलीने कार्ड उलटसुलट करून परत दिलं. "मॅडम, हा विमा नाहीये. डिस्काउंट कार्ड आहे, आणि आमच्याकडे तेही चालत नाही."

तेव्हा मी ते कार्ड पहिल्यांदा हातात घेतलं. वर तिरंगी पट्टी, बाजूला आबांचा फोटो, खाली ठळक "५ लाख". मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं की हे सदस्यत्व आहे, विमा नव्हे. ठरावीक लॅब आणि दवाखान्यांत सवलत मिळेल. आबांनी पावतीही जपून ठेवली होती. तिच्यावर "विमा हप्ता" नाही, "नोंदणी शुल्क" आहे. पॉलिसी नंबर नाही, विमा कंपनीचं नाव नाही. आबा चौथी शिकलेत. पण मी पदवीधर आहे, आणि मी फोटोसुद्धा मागवला नव्हता.

अनामत भरायला वहिनीने पाटल्या गहाण टाकल्या. ॲन्जिओग्राफीत दोन ब्लॉकेज निघाले आणि पुढचा खर्च अडीच लाख सांगितला. रात्री बाकावर बसलेलो असताना शेजारच्या पेशंटच्या मुलाने विचारलं, "ताई, रेशनकार्ड नाही का तुमचं?" केशरी रेशनकार्ड घरात होतं. ते दवाखान्यातही कामाला येतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. कार्ड काढून झालंय म्हणून आम्हीही कधी विचारायला गेलो नव्हतो.

डॉक्टरांना विचारून दुसऱ्या दिवशी आबांना सरकारी आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात हलवलं. तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. त्याने रेशनकार्ड आणि आधार घेतलं, मंजुरी आली, स्टेंट बसला. आमच्याकडून एक रुपया घेतला नाही. आधीच्या हॉस्पिटलात भरलेले पैसे मात्र गेले. योजना कॅशलेस आहे, बाहेर भरलेल्या बिलाची भरपाई देत नाही.

त्या पोरांची खरी लबाडी मला नंतर उमगली. आयुष्मान भारत २०१८ पासून आहे. त्यात आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मिळून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, माणशी नाही. शिबिरात "माणशी पाच लाख" सांगत होते. "साखर असली तरी उद्यापासून चालू," असंही म्हणाले होते. खासगी विम्यात आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. जुन्या आजाराला पहिल्या दिवसापासून संरक्षण सरकारी योजनेत मिळतं, आणि त्या कार्डाला पैसे पडत नाहीत. म्हणजे आमच्याच हक्काच्या योजनेचे गुण सांगून त्यांनी आम्हाला दीड हजाराला प्लास्टिकचा तुकडा विकला. आपल्या वाडीत असं कोणी आलं तर आधी या योजनांच्या हेल्पलाइनला, १४५५५ किंवा १८०० २३३ २२०० वर, फोन करा. पेशंट न्यायच्या आधीही तिथेच विचारा, कारण योजना ठरावीक हॉस्पिटलांतच चालते.

पोलिसांत अर्ज दिला, ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. पण पैसे जाऊन चार महिने झालेले. हा फोन लगेच केला तरच रक्कम अडवता येण्याची आशा असते. त्या पोरांचा नंबर बंद आहे.

आमच्या वाडीत चाळीसेक घरांत ते कार्ड आहे. दिवाळीत मी गावच्या आशा सेविकेला घेऊन घरोघरी फिरले. काहींनी चिडून कार्ड चुलीत घातलं, त्यांना मी पावती तरी ठेवा म्हटलं. एका आजींनी ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं, काढून द्यायला तयार नव्हत्या. अकरा घरांची आयुष्मान कार्डं त्याच आठवड्यात निघाली. बाकीच्यांचं ओटीपीवर अडलंय, आधारला जोडलेला नंबर जुना आहे. नंबर बदलायला मुरबाडला जावं लागतं, एक दिवसाची मजुरी बुडते. भातकापणी उरकली की दादा टेम्पो सांगून सगळ्यांना एकदमच नेणार आहे.