मजले कमी, घरं कमी की गाड्या कमी? मेट्रोलगतच्या जागेचा हिशोब

मेट्रो स्टेशनशेजारी टॉवर येणार असं कानावर आलं की इंदूरच्या जुन्या कॉलन्यांतून पहिली मागणी निघते, 'घनता कमी करा.' मागणी रास्त आहे, पण तिच्या पोटात तीन निरनिराळ्या तक्रारी असतात. पाणी आणि ड्रेनेज पुरेल की नाही हे माणसं किती यावर ठरतं. गल्ली तुंबेल की नाही हे गाड्या किती यावर, आणि अंगणातलं ऊन राहील की जाईल हे इमारत किती उंच यावर. दावे-आपत्तीचा, म्हणजे हरकती-सूचनांचा, अर्ज लिहिण्याआधी आपल्याला यातलं नेमकं काय टोचतंय ते ठरवलेलं बरं, कारण प्रत्येक पर्याय वेगळीच तक्रार मिटवतो.

हिशोबासाठी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर एक हेक्टरची जागा धरू. एफएआर, म्हणजे जागेच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, ज्याला पुण्या-मुंबईकडे एफएसआय म्हणतात, ३ मिळाला तर ३०,००० चौरस मीटर बांधकाम होतं. जिना-लॉबी धरून घरामागे सरासरी ७५ चौरस मीटर लावले तर ४०० घरं. बिल्डरला हवा असतो तो हाच पर्याय. केंद्राच्या २०१७ च्या टीओडी, म्हणजे स्टेशनभोवती वस्ती वसवण्याच्या, धोरणाचा कलही इकडेच आहे: स्टेशनभोवती ५०० ते ८०० मीटरच्या पट्ट्यात जास्त एफएआर द्या, म्हणजे लोक पायी स्टेशनवर येतील.

दुसरं टोक प्लॉटिंगचं. रस्ते आणि बगिचा वगळून १०० चौरस मीटरचे ५५ प्लॉट पडले आणि प्रत्येकावर दोन कुटुंबं राहिली, तर ११० घरं. इंदूरकराला मनातून आवडतं ते हेच, खाली आपण, वर भाडेकरू किंवा मुलगा-सून. ऊन शाबूत राहतं, पाण्याचा ताण कमी. पण या घरांतली माणसं मेट्रोत बसतील ही आशा सोडा. दारात कार आणि दोन अ‍ॅक्टिव्हा असतील. मेट्रो जिथून सुरू झाली त्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर काय झालं ते समोर आहे. ३१ मे २०२५ ला गांधीनगरपासून सुमारे सहा किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला, फुकट फेऱ्यांच्या दिवसांत झुंबड उडाली, पुढे डबे रिकामे धावू लागले. टीसीएस, इन्फोसिस तिथे असूनही स्टेशनला चिकटून राहणारी वस्तीच विरळ आहे. स्टेशनला खेटून प्लॉट पाडणं हा मला सरळ सरळ अपव्यय वाटतो.

मधला पर्याय म्हणजे खाली पार्किंग आणि वर चार मजले. जागेचा ४० टक्के भाग व्यापला तर एफएआर १.६ होतो, घरं २१३. इमारत १५ मीटरच्या आत राहते, आणि या पर्यायाची खरी गोम तिथेच आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटरपासून पुढची इमारत बहुमजली धरली जाते आणि मग आगीच्या बंदोबस्ताचे नियम कडक होतात. त्याचा खर्च बांधताना एकदा आणि पुढे मेंटेनन्समधून दर महिन्याला निघतो. पेन्शनवर राहणाऱ्या जोडप्याला टॉवरमधला फ्लॅट घेणं जमलं, तरी तो वर्षानुवर्षं पोसणं जड जाऊ शकतं.

उन्हाचंही गणित घालून बघा. इंदूरमध्ये डिसेंबराच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जेमतेम ४४ अंशांवर असतो, म्हणून ३० मीटर उंचीच्या इमारतीची सावली उत्तरेला ३१ मीटरपर्यंत पोचते. चार मजल्यांची त्याच्या निम्मी. जागेच्या उत्तरेला राहणाऱ्यांनी उंचीबद्दल जरूर भांडावं. दक्षिणेकडच्यांना दुपारच्या सावलीची भीती नाही. त्यांचा मुद्दा झालाच तर वाऱ्याचा आणि बाल्कनीतून डोकावणाऱ्यांचा.

पाण्याबाबत मात्र माझं मत जरा वेगळं आहे. माणशी १३५ लिटर हे शहरी मापदंडाचं प्रमाण आणि घरात साडेचार माणसं धरली, तर ४०० घरांना रोज सुमारे २.४३ लाख लिटर लागतात, २१३ घरांना १.२९ लाख. फरक मोठा दिसतो खरा. पण जी १८७ कुटुंबं इथे मावली नाहीत ती काही इंदूर सोडून जात नाहीत. ती बायपासपलीकडे घर घेतात आणि सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणलेलं तेच नर्मदेचं पाणी पितात, फक्त आणखी लांबच्या नळातून. तेव्हा अर्जात पाण्याचा मुद्दा घ्यायचा असेल तर आपल्या भागातली टाकी आणि ड्रेनेज लाइन किती भार घेते, ते नगर निगमला विचारा. 'शहरात पाणी नाही' या वाक्याला कोणी उत्तर देत नाही.

आता गाड्या. तळघरात एक कार उभी करायची तर येण्याजाण्याची वाट धरून साधारण ३२ चौरस मीटर लागतात. दोन गाड्यांच्या जागेत एक छोटं घर बसतं! त्यात इथली जमीन माळव्याच्या काळ्या पाषाणाची, तळघर खोदायचं म्हणजे खडक फोडायचा, आणि तो खर्च कार नसलेल्याच्याही फ्लॅटच्या किमतीत चढतो. म्हणून चार मजल्यांच्या पर्यायात मी दोन बदल सुचवेन. घरांचं सरासरी माप ७५ वरून ५५ वर आणा, म्हणजे तेवढ्याच बांधकामात २९० घरं होतात. आणि घराला फुकट पार्किंग जोडू नका. ज्याला हवं त्याने वेगळं विकत घ्यावं. उंची वाढत नाही, घरं फार घटत नाहीत, आणि ज्याला कार परवडत नाही तो स्टेशनजवळ राहू शकतो. तीन कार बाळगणाऱ्याला ही जागा गैरसोयीची वाटली तर वाटू दे.

जुन्या शहरातल्या राजवाड्याच्या परिसरात यातलं काहीच जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे मोकळा हेक्टर मिळणार नाही, एकेक वाडा सांभाळत मोकळ्या खाचेत बांधावं लागेल. नगररचनाकार पॅट्रिक गेडेसने १९१८ मध्ये होळकर दरबाराला दिलेल्या अहवालात सरसकट पाडापाडीला विरोध केला होता. त्या गल्ल्यांपुरता तो आजही ऐकावा.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. इंदूरच्या एबी रोडवर २०१३ मध्ये बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने ती काढायला सांगितली. बसचा मार्ग बारा वर्षांत उखडला जातो, इमारत मात्र पन्नास वर्षं हलत नाही. त्यामुळे वाढीव एफएआर कागदावरच्या स्टेशनला देऊ नये. पहिल्या इमारती १.६ वर बांधा, पाया मात्र आणखी दोन मजले पेलेल असा घाला. गाडी नियमित धावू लागली की वरची परवानगी द्या, तीही स्टेशनकडच्या बाजूला, जुन्या घरांच्या कुंपणापासून ३० मीटर सोडून. ही अट अर्जात आकड्यांसकट लिहा. 'योग्य ते अंतर' असं लिहिलंत तर ते अंतर बिल्डरच ठरवील.