डॉक्युमेंटरीसाठी ऑनलाईन वर्गणी : सांगलीतून चार महिने वापरलेल्या साईटचा रिव्ह्यू

पाचपैकी तीन स्टार. साईटचं नाव टाकत नाही, कारण मित्रांनी वापरलेल्या दुसऱ्या साईटवर पण थोड्याफार फरकानं हाच प्रकार आहे. कुणी अशा कामासाठी पैसे उभे करायला बसणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

आधी काम काय होतं ते सांगतो. पुण्यातला माझा मित्र पॅलेस्टिनी विस्थापितांच्या आठवणींवरची एक डॉक्युमेंटरी एडिट करतोय. शूटिंग तिकडच्याच लोकांनी केलंय. अडलं होतं ते साऊंड मिक्सिंग आणि मराठी सबटायटलवर, त्याचा खर्च १ लाख ८० हजार, आणि तो आम्ही चौघांनी सांगलीतून उभा करायचा असं ठरलं. पैसे पुण्यातल्या स्टुडिओलाच जाणार होते, देशाबाहेर एक रुपया नाही, हे पेजवर पहिल्याच ओळीत लिहिलं कारण लोक सगळ्यात आधी तेच विचारतात. दुसरा प्रश्न '८० जी ची पावती मिळेल का', म्हणजे इन्कम टॅक्समधे सूट मिळवून देणारी पावती. नाही मिळत, आम्ही ट्रस्ट नाही. बाहेरच्या देशातल्या ओळखीच्यांनी पण विचारलं होतं, पण परदेशी वर्गणी म्हणली की एफसीआरए चा २०१० चा कायदा येतो, म्हणून ते दार पहिल्यापासूनच बंद ठेवलं.

पेज बनवायला दोन तास लागले, ते खरंच सोपं आहे. पॅन, आधार, कॅन्सल चेक टाकला की झालं असं वाटलं, पण पडताळणी अकरा दिवस अडकली. पॅलेस्टाईन शब्दामुळं का कशामुळं ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, चॅटवर तेच कागद तीनदा मागितले. शेवटी फोनवर एक मुलगी भेटली, तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, मराठीत बोलली आणि दुसऱ्या दिवशी पेज चालू झालं. तीनपैकी एक स्टार त्या मुलीचा आहे.

आता मला सगळ्यात लागलेली गोष्ट. साईट म्हणते आम्ही फी घेत नाही, पण पैसे भरायच्या स्क्रीनवर खाली 'टीप' म्हणून १८ टक्के आधीच लावून ठेवलेले असतात, ते आपण हातानं शून्य करायचे. आमच्या ओळखीतल्या एका रिटायर्ड गुरुजींनी ५०० भरले, खात्यातून गेले ५९०. त्यांनी फोन करून विचारलं तेव्हा मला काय बोलावं कळेना. माणूस पेन्शनमधनं देतोय, त्याला न विचारता ९० रुपये जास्त घेणं बरोबर नाही. त्यानंतर मी प्रत्येकाला लिंकबरोबर स्क्रीनशॉट पाठवायला लागलो, की इथं बोट ठेवा आणि शून्यावर आणा.

मराठीची तर पार दैना. पेजवर मजकूर नीट दिसतो, पण व्हॉट्सॅपवर लिंक टाकली की वर जे चित्र येतं त्यात 'विस्थापन' चं 'वसि्थापन' झालेलं. तक्रार केली, उत्तर आलं की हेडिंग इंग्रजीत टाका. ज्या फिल्मची मराठी सबटायटल करायला पैसे मागतोय तिचं हेडिंग मराठीत येत नाही, हे मला पटलंच नाही. मग चित्र आम्ही स्वतः बनवून वेगळं पाठवायला लागलो.

पहिल्या महिन्यात फक्त २२ हजार आले. पेजवर आम्ही आकडे लिहिले होते, की १९४८ च्या नकबात (पॅलेस्टिनी लोक त्या विस्थापनाला नकबा, म्हणजे महासंकट, म्हणतात) ७ लाखाच्या वर माणसं घराबाहेर पडली, ४०० च्या वर गावं ओस पडली, परत जाऊ द्या असं सांगणारा युनोचा १९४ नंबरचा ठराव ११ डिसेंबर १९४८ चा आहे. सगळं खरं, पण वाचून लोक 'भयानक आहे' म्हणायचे आणि पुढं जायचे.

माझी चुलती वारणेच्या धरणात गाव गेलेली. आता मिरज तालुक्यात वसाहतीत राहते, वसाहतीच्या बोर्डावर अजून जुन्या गावाचंच नाव आहे. तिला मोबाईलवर ट्रेलर दाखवला. त्यात नाझरेथजवळच्या सफ्फुरिया गावाचं आहे, डाळिंबासाठी नावाजलेलं गाव, तिथली बरीच माणसं शेवटी लेबनॉनमधे सैदा शहराजवळच्या ऐन अल-हिलवे छावणीत जाऊन राहिली आणि तिथल्या एका भागाला त्यांनी आपल्या गावाचंच नाव दिलं. चुलतीनं सगळं बघितलं, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "मग डाळिंबं तोडली हुती का रं त्यांनी?"

मी बघितलं. गाव पडलं जुलै १९४८ ला, तिकडं डाळिंब पिकतं सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे फळ झाडावर कच्चं असताना माणसं निघाली. तिला सांगितलं तर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आम्हाला निदान सुगी करून निघू दिलं हुतं."

तिला विचारून हे दोन प्रश्न-उत्तर जसंच्या तसं पेजवर अपडेट म्हणून टाकलं. आपलं आणि त्यांचं एक नाही हे पण लिहिलं, आपल्याला जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली, कमी मिळाली, उशिरा मिळाली, पण देश आपलाच राहिला. त्यांना परतच जाता आलेलं नाही. त्या आठवड्यात ४१ हजार आले. आटपाडीकडच्या डाळिंबवाल्यांनी एकमेकांना फॉरवर्ड केलं, कुणी २००, कुणी १०००. गणपती पेठेतल्या एका फोटो स्टुडिओवाल्या काकांनी पाच हजार आणून दिले, त्यांच्या तीस वर्षांच्या निगेटिव्ह २०१९ च्या पुरात गेल्या होत्या, म्हणाले आठवणींचं काम आहे ना, मग घ्या.

पण ते पाच हजार रोख होते, आणि रोख रक्कम पेजवर दाखवायची सोयच नाही. आमच्याकडं मार्केट यार्डात, वसाहतीत लोक हातात पैसे देतात, यूपीआय असलं तरी देतात. चार महिन्यात ३१ हजार रोख आले, त्याचा हिशोब आम्ही वेगळ्या वहीत ठेवला आणि दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो अपडेटमधे टाकला. माझं ऐकाल तर तुम्ही पण हे पहिल्या दिवसापासून करा.

ऑनलाईन एकूण १ लाख ४३ हजार जमले, गेटवेचे, म्हणजे ऑनलाईन पैसे पोचवणाऱ्या कंपनीचे, ३ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी जाऊन खात्यात १,३७,९३८ आले. पैसे काढायचा अर्ज केल्यावर पाचव्या दिवशी जमा, यात एक दिवस इकडंतिकडं नाही, तो दुसरा स्टार. तिसरा पावतीचा, देणाऱ्याला लगेच मेल जातो.

अजून अकरा हजार कमी आहेत. साऊंडचं काम चालू झालंय, सबटायटल अर्धी झालीत. चुलतीचा प्रश्न मित्रानं शूटिंगवाल्यांना पाठवलाय, ते छावणीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून सांगणार आहेत.