घासून घेतलेले कॅम : आठ महिने, नऊ हजार किलोमीटर

कंपनीचेच कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे उंचवट्यांचे दांडे, घासून घेतले तर गाडी खरंच पळते का? पळते. माझी पळतेय. फक्त आधी जिथे पळायची तिथे आता थोडी कमी पळते, आणि जिथे दमायची तिथे पळते.

इंजिन १६०० सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, हेडवर दोन कॅम, बकेट टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली टोपी) आणि त्यावर शिम (फट भरायची चकती). ५००० आरपीएमनंतर ते नुसतं ओरडायचं, ओढायचं नाही. अख्ख्या धातूच्या तुकड्यातून कोरलेले नवे कॅम परवडण्यासारखे नव्हते, म्हणून भंगारातून त्याच इंजिनाची एक जोडी आणली आणि ती घासायला दिली. स्वतःचे चालते कॅम दिले नाहीत, आणि आज मागे वळून पाहताना एवढी एकच गोष्ट मी पहिल्या फटक्यात बरोबर केली असं वाटतं. एकदा घासलेला कॅम परत मूळ मापात येत नाही.

घासून धातू कमी होतो, मग लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उचल, वाढते कशी, हे मला आधी कळत नव्हतं. डोंगर उंच करायचा तर शिखरावर माती टाकायची नाही, पायथा खणायचा, असा तो प्रकार आहे. लोबचं (कॅमच्या उंचवट्याचं) नाक जवळपास तसंच राहतं आणि पाठ, म्हणजे बेस सर्कल, बारीक होते. माझ्या कॅमची पाठ सगळीकडून ०.६५ मिमी आत गेली, नाकावरून फक्त ०.०५ गेला. लिफ्ट ८.२ वरून ८.८ मिमी झाली. सोबत लोबच्या उतरणीही बदलल्याने व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो. १ मिमी उचलीवर मोजलं तर क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) २०६ अंशांचे २२२ झाले.

परत आलेले कॅम दिसायला सुंदर होते, फॉस्फेटचा काळा मऊ थर बसलेला. तरी मी लोबच्या कडेला, जिथे टॅपेट लागत नाही तिथे, बारीक कानस फिरवून पाहिली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली, ओरखडा उठला नाही. ही चाचणी सोडू नका. चिल्ड कास्ट आयर्नच्या कॅमला कडक थर बराच खोलवर असतो, त्यामुळे एवढं घासणं त्याला सोसतं. वरवर कडक केलेल्या स्टीलच्या कॅमला तो थर पातळ असतो. तो घासण्यात गेला आणि पुन्हा कडक केला नाही, तर लोब काही दिवसांत सपाट होतात.

आता खरं काम. पाठ ०.६५ मिमी आत गेली म्हणजे प्रत्येक टॅपेटची फट तेवढीच वाढली. सोळाच्या सोळा शिम बदलल्या. मूळच्या २.३ ते २.५ मिमीच्या होत्या, त्या जागी २.९५ ते ३.१५ च्या बसल्या. शिम साधारण ३.३ पर्यंतच मिळतात, म्हणून आणखी दोन दशांश घासायला सांगितलं असतं तर अडकलो असतो. आधी उपलब्ध शिमची मापं बघायची आणि मग किती घासायचं ते ठरवायचं, हा क्रम बहुतेक लोक उलटा करतात. (टॅपेटऐवजी स्क्रूवाले रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्या, असतील तर फट स्क्रूने भरते, पण रॉकरचा कोन बदलतो आणि त्याचा घासपट्टा व्हॉल्व्हच्या टोकाच्या मध्यावरून सरकतो. तेलाच्या दाबाने आपोआप फट भरणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटचा आतला प्रवासच मर्यादित असतो, तिथे वेगळी डोकेदुखी.)

स्प्रिंग मूळच्याच ठेवल्या. बसवलेली उंची ३४ मिमी, वेटोळी एकमेकांना टेकतात ती उंची २३.५. म्हणजे साडेदहा मिमीची जागा, त्यातले ८.८ वापरात. निदान एक मिमी तरी उरायला हवा, माझ्याकडे १.७ उरतो. आरपीएमची मर्यादा मात्र वाढवली नाही, कारण त्यावर जुनी स्प्रिंग कमी पडून व्हॉल्व्ह तरंगायला लागेल.

आणि आता तो किस्सा. इंजिन जोडलं, जोडताना लावतात त्या दाट वंगणाने लोब माखले, चालू होताच वीस मिनिटं २००० ते २५०० वर ठेवलं, आयडलिंगवर सोडलंच नाही. तेल बदललं, फिल्टर कापून बघितला, धातूच्या कणांची चमक नव्हती. खूश होऊन रस्त्यावर काढली आणि तोंड पडलं. ३५०० च्या खाली गाडी मेल्यासारखी. चढावर तिसऱ्यात जायची तिथे दुसरा टाकावा लागायचा. घासून देणाऱ्याला विचारलं, तर उत्तर आलं, "हॉट कॅम म्हटल्यावर असंच असतं." मापांचा कागद मागितला, तो तर बनवलेलाच नव्हता.

शेवटी स्वतः मोजायला बसलो. कोनमापकाची मोठी छापील चकती क्रँकच्या पुलीवर चिकटवली, तारेचा काटा केला, पहिल्या सिलिंडरच्या इनटेक टॅपेटवर डायल गेज टेकवलं. नाकाचा सर्वोच्च बिंदू थेट वाचू नका, तिथे काटा बराच वेळ हलतच नाही. त्याऐवजी शिखराच्या आधी आणि नंतर सारख्या उंचीवरचे दोन कोन घ्यायचे आणि मधोमध काढायचं. मला टीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूनंतर) ७२ आणि १५६ अंश मिळाले. मध्य ११४. मूळ कॅमचा, काढण्याआधी मोजून ठेवलेला, ११० होता. घासताना लोब चार अंश मागे सरकला होता.

बेल्टचा एक दात सरकवून हे सुटत नाही. चाळीस दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे कॅमचे नऊ अंश आणि क्रँकचे अठरा, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून खाचांवर सरकणाऱ्या पुली आणाव्या लागल्या, आणि हा खर्च माझ्या हिशेबात नव्हता. इनटेक चार अंश पुढे आणला. असा पुढे आणला की व्हॉल्व्ह आधी उघडतो आणि वर असलेल्या पिस्टनच्या जास्त जवळ जातो, त्यामुळे हेड पुन्हा उतरवलं. पिस्टनवर प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवून इंजिन हाताने दोनदा फिरवलं, गोळा कापून जाडी मोजली. आधी २.६ मिमी होती, आता २.२. दोनच्या खाली गेलं असतं तर मी तिथेच थांबलो असतो. बेल्ट ताणतो, आणि जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह कागदावरच्या मापाप्रमाणे वागत नाही.

त्यानंतर मात्र गाडी वेगळीच झाली. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) नेली नाही, पण एकाच सपाट रस्त्यावर, तिसऱ्या गियरमध्ये, दोन्ही दिशांना पाच-पाच फेऱ्या मारून स्टॉपवॉच धरलं. ४५०० ते ६५०० ला आधी ६.८ सेकंद लागायचे, आता ६.०. आणि २००० ते ४००० ला आधी ६.१ लागायचे, आता ६.५. दुसरा आकडा लोक सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितोय. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, कमी वेगात थोडी हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलली जाते. स्टार्टरवर मोजलेलं कॉम्प्रेशनही १३ बारवरून १२ वर आलं, ते ह्याच कारणाने.

रोजच्या वापरात हे कसं जाणवतं? गर्दीत गियर जास्त पडतो. क्लच सोडताना थोडं ॲक्सिलरेटर द्यावं लागतं, नाहीतर गाडी थरथरते. आयडलिंग ८०० वर टिकत नव्हतं. ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, वाढल्याने मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी पडतो आणि त्याचा दाब मोजणाऱ्या ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) वाटतं की इंजिनावर भार आहे, म्हणून ते पेट्रोल ओततं. पहिले दोन महिने सायलेन्सरच्या तोंडाला काजळी आणि प्लगही काळे. ईसीयूचा पेट्रोलचा नकाशा नव्याने बसवून आयडलिंग ९५० केल्यावर ते थांबलं. शहरात मायलेज साडेचौदावरून तेरा-साडेतेरावर आलं. मोकळ्या रस्त्यावर फरक पडला नाही. ब्रेकचा पेडल सिग्नलला दोन-तीनदा लागोपाठ दाबला तर किंचित कडक लागतो, कारण ब्रेकला मदत ह्याच व्हॅक्यूमची असते. एवढ्या सौम्य ग्राइंडला ही वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आणि तरीही ५००० नंतरचा तो ओढा! पूर्वी ओव्हरटेकला मी मनात हिशेब करायचो. आता सुई लाल पट्टीकडे जाते आणि गाडी कोणी मागे लागल्यासारखी जाते. आवाजही बदलला, जरा खरखरीत, घरच्यांना आवडत नाही.

पुढच्याला एक सूचना. फीलर गेज (फट मोजायची पट्टी) बरोबर लागलं म्हणजे कॅम शाबूत, असं समजू नका. फट मोजली जाते लोबच्या पाठीवर, आणि झिजतं नाक. नाक अर्ध्या मिलिमीटरने झिजलं तरी फट तीच दिसते. उलट फट कमी झाली तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल रुततोय, कॅमचा दोष नाही. म्हणून नऊ हजारांवर मी डायल गेजने प्रत्येक टॅपेट किती खाली जातो ते मोजलं. एक्झॉस्टला फट वजा जाता ८.५५ यायला हवेत. सात ठिकाणी ८.५३ ते ८.५५ आले. तिसऱ्या सिलिंडरच्या एका लोबला ८.४८, आणि त्याच लोबच्या नाकावर फॉस्फेटचा काळा रंग उडून बोटभर रुंदीची चकाकी आलीय. बाकीचे अजून मंद काळेच आहेत.

तेल जस्त-फॉस्फरस जास्त असलेलं घालायला सुरुवात केलीय. बारा हजारांवर पुन्हा उघडून मोजणार आहे. मूळ कॅम तेल लावून, फडक्यात गुंडाळून कपाटात आहेत, जुन्या शिमसकट.