अनुरक्षण सेवा: रक्कम मिळते, कागद अडवतात

विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेला किंवा गुन्हा केलेला) मुलगा अठरा पूर्ण करून विशेष गृहातून, म्हणजे अशा मुलांना ठेवतात त्या सुधारगृहातून, बाहेर पडला की त्याच्यासाठी बालन्याय कायदा 2015च्या कलम 46खाली अनुरक्षणाची, म्हणजे सुटकेनंतरच्या आधाराची, सोय आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतून महिना 4,000 रुपये, वयाच्या 21पर्यंत, अपवाद म्हणून 23पर्यंत. पैसे थेट मुलाच्या खात्यात जातात, ही या सेवेची सर्वांत जमेची बाजू. पुण्या-मुंबईत मात्र कॉट बेसिसवर जागा घेऊन मेसचा डबा लावला की एवढ्यात महिना निघत नाही. सोबत राहण्याची सोय किंवा विद्यावेतनाचं काम हवंच.

खरी अडचण आधारपासून सुरू होते. पंधरा वर्षांनंतर बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. मुलगा तेव्हा गृहात असेल तर ते राहून जातं. आधारला जोडलेला नंबर वडिलांचा, तोही बंद पडलेला. मग ओटीपी येत नाही, बँकेत ठसा जुळत नाही, खातं उघडत नाही आणि मंजूर झालेली मदत अडकून पडते. ही कामं सुटकेच्या आठवड्यात होत नाहीत, निदान तीन महिने आधी हाती घ्यावी लागतात. त्यांच्याबरोबरच शाळा सोडल्याचा दाखला मागवावा. दाखला असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. त्याची मुदत चुकली की वर्ष गेलंच. आठवी पास मुलाला आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड चांगला.

सोळा-सतराव्या वर्षी घरी परतणाऱ्याला ही रक्कम लागू होत नाही, हा आमच्या मते योजनेतला सर्वांत मोठा दोष. त्याच्या पुनर्वसनाच्या वैयक्तिक आराखड्यात नुसतं ‘पालकांच्या ताब्यात’ लिहून भागत नाही. घर त्याच वस्तीत, नाक्यावर तीच टोळी उभी. न्यायला कोण येणार, मामाकडे की आजीकडे राहणार, पहिल्या सोमवारी जाणार कुठे, हे परिविक्षा अधिकाऱ्याने (मुलावर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरने) नावा-पत्त्यानिशी लिहायला हवं.

नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीची धास्ती असते. कलम 24नुसार बालपणीच्या गुन्ह्यामुळे अपात्रता येत नाही; सोळा वर्षांवरील ज्या मुलावर बाल न्यायालयात प्रौढासारखा खटला चालून तो दोषी ठरला, तेवढाच अपवाद. प्रकरण निकाली निघालेलं असो वा प्रलंबित, चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी त्याची नोंद उघड करायची नाही, असं कलम 74(2) सांगतं. पोलीस ठाण्यात जाताना प्रकरण निकाली निघालं असेल तर बाल न्याय मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रत आणि या कलमाची छापील प्रत सोबत न्यावी.