माया अँजेलो: पुस्तक, कविता, आवाज की पडदा? सुरुवात कुठून करायची

माया अँजेलो यांच्याकडे वळायचं ठरवलं की पहिली अडचण येते ती पसाऱ्याची. सात आत्मचरित्रं, कवितासंग्रह, निबंध, स्वयंपाकाची पुस्तकं. त्यापलीकडे १९५७ सालचा कॅलिप्सो या कॅरिबियन धाटणीच्या गाण्यांचा अल्बम, ब्रॉडवेवरची भूमिका, 'रूट्स' या दूरचित्रवाणी मालिकेतली आजी, पटकथा आणि सत्तराव्या वर्षी दिग्दर्शित केलेला चित्रपट. १९२८ साली सेंट लुईसला जन्मलेल्या आणि २०१४ साली वारलेल्या या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेनं ट्रामवर कंडक्टरकी केली, क्लबांत नाचगाणं केलं, कैरोतल्या एका इंग्रजी साप्ताहिकाच्या संपादकवर्गात काम केलं, घानात विद्यापीठात नोकरी केली. यातलं बरंचसं त्यांच्याच पुस्तकांत उतरलेलं आहे.

मग सुरुवात कुठूनही करावी का? तसं नाही. यातल्या काही गोष्टींत अँजेलो फारच थोड्या भेटतात. निवड करताना दोन प्रश्न विचारावेत: शब्द त्यांचे आहेत का, आणि आवाज त्यांचा आहे का? पहिल्या आत्मचरित्राचा गाभाच आवाज हा आहे. ईस्टरच्या दिवशी चर्चमध्ये कविता म्हणायला उभी राहिलेली आणि ओळी विसरलेली मुलगी पहिल्याच पानावर भेटते. पुढे आठेक वर्षांची असताना आईचा मित्र तिच्यावर बलात्कार करतो. ती त्याचं नाव सांगते, तो मारला जातो, आणि आपल्या बोलण्यानंच माणूस मेला असं मनानं घेऊन ती बोलणंच टाकते. हे मौन जवळपास पाच वर्षं टिकलं. स्टॅम्प्स या आर्कान्सामधल्या गावातल्या मिसेस फ्लॉवर्स तिला पुस्तकं देतात ती याच अटीवर की ती मोठ्यानं वाचायची, एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणून बघायचं. अँजेलो यांचं लिखाण तिथून आलेलं आहे, म्हणून ते कानांनीही वाचावं लागतं.

सात आत्मचरित्रांपैकी कुठलं

बहुतेकांसाठी उत्तर सोपं आहे: 'आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज', १९६९. तीन वर्षांची असल्यापासून सोळाव्या वर्षी आई होईपर्यंतचा काळ, ३६ प्रकरणं. आजीचं दुकान, कापूस वेचणाऱ्या मजुरांची पहाट आणि थकून परतण्याची संध्याकाळ, गोऱ्यांच्या वस्तीशी येणारा जपून, मोजून मापून संबंध, हे सगळं प्रसंगांतून समोर येतं. पुस्तक झेपेल का हे आजमावायचं असेल तर आधी १९वं प्रकरण वाचा. मुष्टियोद्धा जो लुईची लढत रेडिओवर ऐकायला दुकानात जमलेली माणसं, काही पानांत संपणारं, आणि एका सबंध समाजाचा श्वास कसा एका ठोशावर टांगलेला असतो ते दाखवणारं. नंतर २३वं, शाळेच्या पदवीदान समारंभाचं. ही दोन आवडली तर पुस्तक पूर्ण होणार.

अत्याचाराचं वर्णन ११व्या आणि १२व्या प्रकरणात आहे, आणि ते लहान मुलीच्या नजरेतून, थेट आहे. याच कारणासाठी अमेरिकेत अनेक शाळांतून हे पुस्तक काढून टाकण्याची मागणी वारंवार झाली. घरातल्या किशोरवयीन वाचकाच्या हाती देत असाल तर ही दोन प्रकरणं आधी स्वतः वाचा आणि नंतर त्यावर बोलायची तयारी ठेवा. ती वगळून मात्र वाचायला देऊ नका. पुढचं मौन आणि मिसेस फ्लॉवर्स या दोन्हींना मग अर्थच उरत नाही.

खरी गडबड होते ती दुसऱ्या पुस्तकाशी. 'गॅदर टुगेदर इन माय नेम' (१९७४) क्रमानं हाती घेतलं की अनेक वाचक इथेच थांबतात. तान्ह्या मुलाला घेऊन एका कामातून दुसऱ्या कामात, एका शहरातून दुसऱ्या शहरात भरकटणारी किशोरी, मधला काही काळ वेश्याव्यवसायात. पहिल्या पुस्तकाला स्टॅम्प्स गावाचा भक्कम खांब होता, इथे तसा कुठलाच नाही, त्यामुळे प्रसंग सुटे सुटे वाटतात. पुस्तक धाडसी आहे, प्रसिद्धी मिळाल्यावर हे सगळं छापणं सोपं नव्हतं. पण दुसरं वाचन म्हणून ते चुकीचं.

पहिल्यानंतर सरळ चौथं घ्यावं: 'द हार्ट ऑफ अ वुमन' (१९८१). आमच्या मते सातांतलं पहिल्याच्या तोडीचं हे एकच. न्यूयॉर्क, हार्लेम रायटर्स गिल्ड या कृष्णवर्णीय लेखकांच्या मंडळातलं कठोर वाचन, विनोदी नट गॉडफ्री केंब्रिजबरोबर उभा केलेला 'कॅबरे फॉर फ्रीडम' हा कार्यक्रम, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेसाठी निधी आणि माणसं जमवण्याचं काम, आणि १९६१ साली फ्रेंच नाटककार ज्याँ जने यांच्या 'द ब्लॅक्स' या नाटकातली गोऱ्या राणीची भूमिका. त्या संचात जेम्स अर्ल जोन्स आणि सिसिली टायसन होते. नाटकासाठी केलेल्या संगीताचा मोबदला नाकारला गेला म्हणून नाटक सोडण्याचा प्रसंगही इथेच आहे. रंगभूमीवर काम करणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. पहिल्यावरून थेट चौथ्यावर उडी मारली की एक दुवा निसटतो: मुलाचं क्लाइड हे मधल्या पुस्तकांतलं नाव इथे बदललेलं आहे. हा बदल तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटाकडे, मुलाच्याच हट्टानं होतो, एवढं माहीत असलं की पुरे.

तिसरं, 'सिंगिन अँड स्विंगिन अँड गेटिन मेरी लाइक ख्रिसमस' (१९७६), गाणाऱ्या-नाचणाऱ्यांसाठी. सॅन फ्रान्सिस्कोचा पर्पल अनियन क्लब, भावानं ठेवलेलं माया हे नाव आणि अँजेलोस या नवऱ्याच्या आडनावावरून घडवलेलं रंगमंचावरचं नाव, मग १९५४-५५ मध्ये 'पोर्गी अँड बेस' या ऑपेराच्या संचाबरोबर युरोप आणि इजिप्तचा दौरा. मुलाला मागे ठेवून गेल्याची टोचणी पुस्तकभर आहे. पाचवं घानाचं, सहावं १९६५ ते १९६८चं. कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स आणि किंग या दोघांच्या हत्या सहाव्यात येतात, किंग यांची तर अँजेलो यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी, ४ एप्रिल १९६८ला. सहाव्याचं शेवटचं पान पहिल्या पुस्तकाच्या लेखनाला येऊन मिळतं, म्हणून ते सुरुवातीला वाचणं म्हणजे नुकसानच. सातवं, 'मॉम अँड मी अँड मॉम' (२०१३), आईबद्दल. भाषा सर्वांत सोपी, पण आधीच्या पुस्तकांतले प्रसंग थोडक्यात पुन्हा येतात. इंग्रजी वाचनाची सवय कमी असेल तरच इथून सुरू करा.

विकत घेताना लक्षात ठेवा: २००४ साली निघालेल्या एकत्रित आत्मचरित्रांच्या जाड खंडात पहिली सहाच आहेत. सातवं वेगळं घ्यावं लागतं.

'जिणं आमुचं' किंवा 'आयदान' वाचून इकडे येणाऱ्या मराठी वाचकाला बरंच ओळखीचं वाटेल. दलित पँथरनं १९७२ साली नाव उचललं तेही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून, त्यामुळे हे नातं जुनं आहे. पण फरक पहिल्या काही पानांतच जाणवतो. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये वस्ती आधी आणि लेखिका नंतर येते. अँजेलो मात्र कादंबरीसारखं लिहितात: प्रसंग रचतात, संवाद खेळवतात, काळ आवळतात. 'मी' म्हणतानाही आपण 'आम्ही'च सांगत असतो, ही गुलामांच्या आत्मकथनांपासून चालत आलेली रीत आपण पुढे नेतो, असं त्या सांगत. नोंदीसारखी कोरडी साक्ष अपेक्षित असेल तर ही सजावट सुरुवातीला खटकू शकते.

कविता: कागदावर की कानावर

इथे आमचं मत ठाम आहे, आधी ऐका. अँजेलो यांच्या कविता छापील पानावर अनेकदा साध्या, कधी पातळ वाटतात. यमक सरळ, प्रतिमा ओळखीच्या. समीक्षकांनी हे बोलून दाखवलं आहे आणि त्यात तथ्य आहे. पण त्या लिहिल्यात म्हणण्यासाठी. त्यांना मिळालेले तिन्ही ग्रॅमी पुरस्कार बोललेल्या शब्दांच्या ध्वनिमुद्रणासाठी आहेत, गाण्यासाठी एकही नाही.

'स्टिल आय राइज' (१९७८) घ्या. नऊ कडवी. पहिली सात चार ओळींची, आठवं सहा ओळींचं, नववं नऊ ओळींचं. पहिल्या सातांत चार कडवी समोरच्याला प्रश्न विचारून सुरू होतात, आणि उठण्याची भाषा तिथे भविष्यकाळात आहे, तीनदाच. आठव्या कडव्यापासून प्रश्न संपतात, वर्तमानकाळ येतो, आणि शेवटच्या दोन कडव्यांत 'आय राइज' ही ओळ सात वेळा घुमते. स्पर्धांत ही कविता म्हणणारे बहुतेक जण पहिल्याच कडव्यापासून आवाज चढवतात, मग आठव्याला चढायला जागाच उरत नाही. प्रश्नांची कडवी हसत, खोडकरपणे म्हणायची असतात. अँजेलो स्वतः तशीच म्हणत. ताकद राखायची ती शेवटच्या पंधरा ओळींसाठी.

'ऑन द पल्स ऑफ मॉर्निंग' वेगळी. २० जानेवारी १९९३ला बिल क्लिंटन यांच्या शपथविधीत त्यांनी ती वाचली. १९६१ साली रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्यानंतर हा मान मिळालेल्या त्या दुसऱ्या कवी. खडक, नदी आणि झाड बोलतात, मग माणसांच्या जमातींची लांब यादी येते. वाचनाचं चलचित्र पाहताना अंगावर काटा येतो, नुसत्या पुस्तकात ती प्रसंगापुरती वाटते. पहिली कविता म्हणून ती निवडू नये.

आणखी एक सापळा. 'केज्ड बर्ड' नावाची कविता १९८३ची आहे, आत्मचरित्राचा भाग नाही. आत्मचरित्राचं शीर्षक कृष्णवर्णीय अमेरिकन कवी पॉल लॉरेन्स डनबार यांच्या जुन्या कवितेतल्या ओळीवरून घेतलेलं. वर्गात किंवा कार्यक्रमात या तिन्हींची सर्रास सरमिसळ होते.

आत्मचरित्र ऐकायचं असेल तर 'केज्ड बर्ड' त्यांच्याच आवाजात मिळतं, पण संक्षिप्त आणि संपूर्ण अशा दोन्ही आवृत्त्या आहेत. घेण्याआधी एकूण वेळ बघा. संक्षिप्तात संथ प्रकरणं गळतात, आणि स्टॅम्प्सचं आयुष्य त्या संथपणातच आहे.

१९५७चा 'मिस कॅलिप्सो' अल्बम रसिकांनी नंतर ऐकावा. गायक हॅरी बेलाफॉन्टे यांच्या यशामुळे तेव्हा कॅलिप्सोची लाट होती, आणि ध्वनिमुद्रण कंपनीनं ती पकडली. साथ मोजकी, आवाज खालच्या पट्टीतला, उच्चार लख्ख. गाण्याचं शिक्षण नसूनही शब्द पोचवण्याची ताकद तिथेच दिसते. पण या एका अल्बमवरून त्यांना जोखू नये.

पडद्यावर

वेळ कमी आहे म्हणून चित्रपटानं सुरुवात करू पाहणाऱ्यांनी इथे सावध राहावं. 'केज्ड बर्ड' आत्मचरित्रावरचा १९७९चा दूरचित्रवाणीपट: पटकथालेखनात अँजेलो सहभागी, तरी पुस्तकातलं कथन, म्हणजे मोठ्या बाईनं लहानपणाकडे टाकलेली ती तिरकस, मायाळू नजर, त्यात फारशी येत नाही. 'जॉर्जिया, जॉर्जिया' (१९७२) ही त्यांची स्वतःची पटकथा, पण दिग्दर्शक स्वीडिश आणि चित्रीकरण स्वीडनमध्ये. अभ्यासकांसाठी महत्त्वाची, पहिल्या भेटीसाठी नाही. 'डाउन इन द डेल्टा' (१९९८) याउलट त्यांनी दिग्दर्शित केलेला, पण लिहिलेला नाही. शिकागोची व्यसनी मुलगी मिसिसिपीतल्या काकाकडे जाते, तिथल्या घराण्याचा इतिहास चांदीच्या एका मेणबत्तीदानाभोवती उलगडतो. अल्फ्री वुडर्ड यांचं काम सुंदर आहे. चित्रपट जरूर पाहा, फक्त त्यात अँजेलो यांची वाक्यं शोधू नका. 'रूट्स' (१९७७) मधली न्यो बोटो ही भूमिका छोटी, पण तिला एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं.

एकच गोष्ट पाहायची असेल तर २०१६चा माहितीपट 'माया अँजेलो: अँड स्टिल आय राइज' निवडा. त्यात त्या स्वतः बोलतात, जुनी चित्रणं आहेत, आणि कॅलिप्सो गाणारी तरुणी ते शपथविधीचं व्यासपीठ ही सगळी वाट एका बैठकीत दिसते. मात्र तो पहिल्या आत्मचरित्रानंतर पाहा. आधी पाहिलात तर मौनाचा प्रसंग कळलेलाच असतो, आणि पुस्तक तो ज्या संथपणे उघडतं त्याचा जोर ओसरतो.

एकपात्री प्रयोग करू पाहणाऱ्यांना सल्ला थोडा वेगळा: तिसरं आणि चौथं पुस्तक, तीनचार कवितांचं ध्वनिमुद्रण, मग पहिलं पुस्तक. कविता आणि पुस्तकं अजून स्वामित्वहक्काखाली आहेत, तेव्हा तिकीट लावून सादर करण्याआधी परवानगी घ्यावी लागते, अनुवाद केला तरीही.

आणि निवेदनासाठी त्यांची वचनं समाजमाध्यमांवरून उचलू नका. अमेरिकेच्या टपाल खात्यानं २०१५ साली अँजेलो यांच्यावर तिकीट काढलं, त्यावरचं पक्षी आणि गाण्याचं वाक्य मुळात जोन वॉल्श अँग्लंड यांच्या १९६७च्या पुस्तकातलं निघालं. वचन वापरायचंच असेल तर पुस्तकाचं नाव आणि प्रकरण सापडल्यावरच वापरा.