‘गोड्या पाण्यातील’ मोरे ईल, पंधरा दिवसांची गॅरंटी आणि माझे १३,३५० रुपये

कोल्हापुरात शोभेचे मासे विकणाऱ्या एका इसमाने मला ‘ईल कम्युनिटी संच’, म्हणजे एकाच टँकमध्ये एकत्र ठेवायचे सापासारखे लांबट मासे, या नावाखाली एकमेकांसोबत जगूच न शकणारे मासे विकले. त्याने ते अजाणतेपणाने केले, असे मी मानत नाही. दुकानाचे नाव येथे लिहिता येत नाही. मात्र असा संच शहरात आणखी कोणी विकत असेल, तर किमान वाचणाऱ्यांनी तरी सावध व्हावे.

माझी फिश टँक चार फूट लांब आणि दीड फूट उंच-रुंद आहे, म्हणजे सुमारे अडीचशे लिटर पाण्याची. तिच्यात निऑन टेट्रा आणि गुरामी हे गोड्या पाण्यातील शोभेचे मासे व्यवस्थित नांदत होते. सापासारखे दिसणारे एक-दोन मासे त्यांच्यासोबत ठेवायचे होते, आणि कोणते ठेवता येतील हेच विचारण्यासाठी मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याने टँकचे माप विचारले, आतील मासे विचारले, वहीत लिहून घेतले आणि एखाद्या डॉक्टरने औषध लिहून द्यावे तसा संच लिहून दिला. त्यात मोरे ईल ४,५०० रुपये, फायर ईल २,८०० रुपये, दोन पीकॉक ईल मिळून ९०० रुपये आणि घरी येऊन ‘सेटिंग’ करण्याचे १,५०० रुपये असे एकूण ९,७०० रुपये होते. सर्व माशांना पंधरा दिवसांची गॅरंटी होती. पावती म्हणून मिळाली ती वहीच्या फाडलेल्या पानावरील कच्ची चिठ्ठी, आणि तिच्यावर ‘ईल ४ नग’ एवढेच लिहिलेले होते.

ज्या क्षणाची आठवण आजही माझा संताप वाढवते, तो याच दुकानातील आहे. मोरे ईलची टँक बाकी टँकांपासून वेगळी, आतल्या खोलीत होती. तिच्या काचेच्या वरच्या कडेला पांढरा थर जमला होता, पाण्यात खारटपणा मोजणारा हायड्रोमीटर तरंगत होता आणि खाली सागरी मिठाची उघडी पिशवी होती. हे सर्व मी पाहिले, आणि पाहून गप्प बसलो असेही नाही. मी सरळ विचारले की हे मीठ कशासाठी. तो म्हणाला, “साहेब, ते खरजेच्या औषधाचं हाय. मासा गोड्या पाण्यातलाच, डोळे झाकून घेऊन जावा.” विक्रेत्याला स्पष्ट प्रश्न विचारल्यावर त्याने डोळ्यांत डोळे घालून असे उत्तर दिले, तर ग्राहकाने आणखी काय करायचे? खिशात प्रयोगशाळा घेऊन कोणी मासे आणायला जात नाही.

वस्तुस्थिती अशी की बाजारात ‘फ्रेशवॉटर स्नोफ्लेक’ म्हणून जी मोरे येते ती बहुधा ‘जिम्नोथोरॅक्स टाइल’ ही जात असते. ती खाडीच्या, नदीमुखाच्या मचूळ पाण्यातील आहे. निव्वळ गोड्या पाण्यात ती लगेच मरत नाही. काही आठवडे, कधी काही महिने तग धरते, मग खाणे सोडते आणि झिजत जाते. पंधरा दिवसांची गॅरंटी किती विचारपूर्वक दिलेली असते, हे यावरून कळावे. याउलट फायर ईल आणि पीकॉक ईल हे गोड्या पाण्यातील काटेरी मासे आहेत; आपल्या नद्यांमध्ये सापडणारी वाम त्यांच्याच कुळातील. पाणी मोरेसाठी खारट करावे तर निऑनपासून पीकॉकपर्यंत सगळे संकटात, आणि गोडे ठेवावे तर मोरे उपाशी. संच लिहून दिला त्याच दिवशी कोणाचा तरी मृत्यू ठरलेला होता. शिवाय मोरे रात्री बाहेर पडून लहान मासे खाते; माझे निऑन एकेक करून नाहीसे झाले, ते तिच्याच पोटात गेले असणार.

फायर ईलबाबत सांगितलेले खोटेही कमी नव्हते. विकताना ती वीतभर होती आणि ‘एवढीच राहते’ असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती पाळलेल्या स्थितीतही दीड-दोन फूट होते आणि निसर्गात जवळपास एक मीटरपर्यंत वाढते. कोणताही ईलसारखा मासा घेताना त्याची पूर्ण वाढलेली लांबी आणि शास्त्रीय नाव पावतीवर लिहून मागावे. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

मोरेने खाणे सोडल्यावर मी फोन केला, तेव्हा गॅरंटी संपल्याचे आधी ऐकवण्यात आले. नंतर दोष घरच्या नळाला येणाऱ्या पाइपलाइनच्या पाण्यावर ढकलण्यात आला आणि ६५० रुपयांचे औषध गळ्यात मारण्यात आले. त्या औषधात तांबे होते. काटेरी ईलना तांब्याची औषधे सोसत नाहीत. दोन्ही पीकॉक त्यानंतर मेल्या. त्याच फोनवर त्याने “मूठभर जाडं मीठ पण टाका” असा सल्ला दिला, म्हणजे मोरेला मीठ लागते हे त्याला पक्के ठाऊक होते. मोरे मेल्यानंतर बदली मासा कोलकात्याहून मागवतो म्हणून ३,००० रुपये आगाऊ घेतले, तेही यूपीआयने त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक झाला. दुकानाच्या नावाच्या खात्याशिवाय पैसे पाठवू नका.

पोलीस ठाण्यात गेलो, तर हवालदारांनी “मासा मेला म्हणून गुन्हा दाखल करायचा व्हय?” असे विचारून शेजारच्या टेबलाला हसवले. ३,००० रुपये घेऊन माल न देणे ही फसवणूक आहे, असे मी सांगितले, तर ते दिवाणी प्रकरण असल्याचे उत्तर मिळाले. तेच लेखी द्या म्हटल्यावर साहेब बंदोबस्ताला गेल्याचे कळले. मासळीशी संबंधित एका सरकारी कार्यालयात सांगण्यात आले की शोभेचे मासे त्यांच्याकडे येत नाहीत, नदीत मासे मेले तर या. महापालिकेच्या ज्या खिडकीवर दुकानाच्या परवान्याची चौकशी केली, तिने मला दुसऱ्या खिडकीकडे आणि दुसरीने पुन्हा पहिलीकडे पाठवले. विक्रेता जे सांगतो ते खरे की खोटे, हे तपासणे कोणाचेच काम नसावे, आणि फसलेल्या माणसाने मात्र प्रत्येक टेबलावर आपली अक्कल सिद्ध करत फिरावे, हा कोणता न्याय?

तुमच्यावर अशी वेळ आली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि समोरचा गायब असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार करण्याची मुदत २ वर्षांची आहे. मी चिठ्ठी, यूपीआयच्या नोंदी आणि मेलेल्या माशांचे फोटो जोडून तक्रार तयार केली आहे.

लांबट मासाच हवा असेल तर कुहली लोच पाहा. ती बोटभर राहते, पाच-सहांच्या घोळक्यात सुखाने जगते आणि निऑनला त्रास देत नाही. पीकॉक ईलला तळाशी टोकदार खडी नको, बारीक वाळू हवी, कारण ती अंग पुरून बसते; आणि झाकणाला बोटभरही फट नको. माझी फायर ईल औषधातून वाचली, पण तिला ही टँक पुरणार नाही. “रंकाळ्यात सोडून द्या,” असे काहींनी सुचवले. परदेशी मासा तलावात सोडणे हा इथल्या माशांवर अन्याय आहे, म्हणून मी ते करणार नाही. मोठी टँक आणि झाकण असलेल्या कोणाला ती हवी असल्यास मी विनामूल्य देईन.