ठाण्यातलं एचआयव्ही डे केअर : काही महिने वापरल्यावर

राहतो घणसोलीला, पण डे केअर मुद्दाम ठाण्याचं धरलं. जवळपास गेलो असतो तर सोसायटीतलं कोणीतरी दारातच भेटलं असतं. युनिटचं नाव लिहीत नाही, एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्राच्या) काऊन्सेलरना विचारा.

रोजच्या गोळ्या एआरटी सेंटरलाच मिळतात, 2004 पासून फुकट. डे केअरला सकाळी जायचं, सलाईन-इंजेक्शन घ्यायचं, जेवायचं, जरा पडायचं आणि दुपारी घरी. अ‍ॅडमिट करण्याइतकी तब्येत बिघडलेली नाही, पण खोलीवर एकट्याने दिवस निघत नाही, अशांसाठी ही सोय.

माझ्या मानेत गाठींचा टीबीही निघाला, सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, दोनशेच्या बरंच खाली. आधी टीबीच्या गोळ्या, मग एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या. टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्राव्हिरचा जोर कमी पडतो, म्हणून ते आणि आणखी दोन औषधं एकत्र असलेल्या टीएलडीच्या एका गोळीवर भागत नाही. बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिर 50 मिलिग्रॅमची वेगळी गोळी लागते. वर इतर संसर्ग होऊ नयेत म्हणून कोट्रायमॉक्साझोल. पोटात काही ठरेना. लघवी केशरी झाली, पण ती टीबीच्या औषधाने होते हे सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं.

या सिस्टरसाठी पाच स्टार. माझी शीर पटकन सापडत नाही. त्या आधी गरम पाण्याची पिशवी हातावर ठेवतात, गप्पा मारत मारत बोटाने चाचपतात आणि मगच सुई लावतात. याच हाताला शिवायला दुसरीकडे एकावर एक दोन ग्लोव्हज चढवलेले पाहिलेत.

एआरटी सुरू झाल्यावर गाठ बसायची सोडून टरारून फुगली. औषध लागू पडत नाही असं वाटून गोळ्या सोडायच्या बेतात होतो. डॉक्टरांनी टेपने गाठ मोजली, पुस्तकात लिहिली आणि म्हणाले, ‘‘प्रतिकारशक्ती जागी झाली की जंतूंवर तुटून पडते, त्याची सूज आहे. एकही गोळी चुकवू नका.’’ पुढे दर खेपेला टेप निघायची. गाठ हळूहळू उतरली. घरी एकटा असतो तर नक्कीच सोडल्या असत्या.

जेवण साधं, वरण-भात आणि उकडलेलं अंडं. मीठ कमी, तक्रार नाही.

तक्रार वेळेची आहे. चारला बंद, रविवारी सुट्टी. महापे-रबाळ्याला कंपनीत जाणाऱ्याचा पगार कापला जाणारच. संध्याकाळी दोन तास उघडं ठेवलं तर निम्मे लोक नियमित येतील. दुसरं, बाहेर उभं राहून पूर्ण नाव पुकारतात. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवायला 2017 चा कायदा सांगतो. बोललो, तेव्हा टोकन आलं. पण गर्दी झाली की पुन्हा नावानेच हाक.

अ‍ॅसिडिटीची, कॅल्शियमची, लोहाची, जी काही गोळी घेत असाल ती पहिल्याच दिवशी सोबत न्या. अँटासिड आणि टीएलडी एकदम घ्यायची नाही. टीएलडी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. आणि सोमवार टाळा, खुर्ची मिळत नाही.